तीन मुक्कामांची वाट

सह्याद्रीत सलग तीन-चार दिवस चालण्याची वाट निवडणे हे वरकरणी भूगोलाचे काम वाटते. नकाशा उघडावा, उंची पाहावी, पाण्याची टाकी मोजावीत आणि ठरवावे. प्रत्यक्षात या निवडीत माणसाचे वाचन, त्याच्या आवडीनिवडी आणि पुष्कळदा वयाची न बोललेली भीतीही उघडी पडते. एका दिवसाच्या गडाचे तसे नसते. सकाळी चढायचे, संध्याकाळी उतरायचे. काही बिनसले तरी रात्री आपण आपल्या अंथरुणात असतो. मुक्काम पडू लागले की मात्र वाट आपल्याला बांधून घेते.

यंदाच्या हिवाळ्यात असा बेत करणारे आम्ही दोघे पेणकरपाड्याचे. मीरा रोडच्या पूर्वेला, दहिसर नाक्याच्या अलीकडची ही वस्ती. गच्चीवर गेले की राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात. मध्ये इमारती उगवत गेल्या तसे आता तुकड्यातुकड्यांनी. डोंगर डोळ्यांसमोर असूनही सह्याद्री मात्र आम्हाला दूर. कारण तिकडे जाणारी गाडी मध्य रेल्वेची आणि आम्ही पश्चिमेचे. घोडबंदर रस्त्याने ठाणे गाठायचे, तिथून कसाऱ्याची लोकल धरायची, पुढे मिळेल ते वाहन. पहिल्या पावलाआधीच अर्धी दमणूक होते.

माझ्या मित्राची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. चालायला डॉक्टरांची हरकत नाही. मात्र पाठीवर फार ओझे नको आणि एकटे जाणे नको. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, म्हणजे कातळावर साधे खरचटले तरी रक्त लवकर थांबत नाही. त्यामुळे ‘कुठे जायचे’ या प्रश्नाच्या पोटात ‘त्याला न्यायचे का’ हा दुसरा प्रश्न दडलेला होता, आणि तो उच्चारण्याचे धैर्य आम्हा दोघांनाही नव्हते. त्याने एकदाच बजावले, “मास्तर, माझ्यासाठी सोपी वाट काढलीस तर मी येणार नाही.” वहिनींनी चहा ठेवता ठेवता आपले म्हणणे मांडले, “भावोजी, न्यायचं तर न्या. पण हाक मारली तर गाडी येईल अशा ठिकाणी न्या.”

त्याच्या मनात अलंग-मदन-कुलंग होते. कळसूबाईच्या रांगेतले हे त्रिकूट दोर लावल्याशिवाय पुरे होत नाही. तुटलेल्या पायऱ्यांच्या जागी सरळ कातळ आहे. हा पर्याय मी वाद न घालता बाजूला ठेवला. गोळ्यांचे कारण पुरेसे होते.

दुसरा पर्याय राजगड ते तोरणा आणि जमल्यास पुढे रायगड. मराठी वाचकाच्या मनात ही वाट आधीच चाललेली असते. गो. नी. दांडेकरांच्या (१९१६–१९९८) ‘दुर्गभ्रमणगाथे’ने गड हे पाहायचे नसून राहायचे ठिकाण आहे, असा संस्कार आमच्या पिढीवर केला. पण संजीवनी माचीवरून उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी ती लांबलचक सोंड उन्हातली आहे, पाण्याचा भरवसा नाही, आणि मध्यावर पोचल्यावर पुढे जाणे आणि मागे फिरणे सारखेच अवघड. शिवाय माझा एक खासगी आक्षेप आहे. या वाटेवर इतिहास इतका बोलतो की शेजारच्या माणसाचे ऐकू येत नाही.

उरली रतनगड ते हरिश्चंद्रगड ही वाट. रतनवाडीत अमृतेश्वराचे कोरीव देऊळ; तिथून जंगलातून शिड्यांनी रतनगड. माथ्यावर गुहेत पहिली रात्र, सकाळी कड्याला आरपार भोक पाडणाऱ्या नेढ्यात बसून वारा खायचा. मग उतरून कात्राबाईची खिंड ओलांडायची आणि कुमशेत गावात दुसरा मुक्काम. तिथून पाचनई, आणि हरिश्चंद्रगडावर तिसरी रात्र.

या वाटेतली मौज एका पाणलोटातून दुसऱ्यात उतरण्याची आहे. रतनगडाच्या अंगाखांद्यावर प्रवरा उगम पावते. कुमशेतचे खोरे मुळेचे. पुढे मुळा प्रवरेला मिळते, आणि ज्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते याच प्रवरेच्या काठी. म्हणजे खिंडीच्या दोन्ही अंगांनी निघालेले पाणी शेवटी एकाच प्रवाहात येते. हरिश्चंद्रगडावर तर चांगदेवांचे नाव असलेले शिलालेख आहेत आणि ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ त्यांनी इथेच रचला असे मानतात. केदारेश्वराच्या गुहेत कमरेइतक्या थंडगार पाण्यात पिंडी आहे आणि चार खांबांपैकी एकच उभा आहे. कोकणकड्यावर धुके आणि ऊन जुळून आले तर वर्तुळाकार इंद्रवज्र दिसते. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने ते पाहिल्याची नोंद आहे. विद्यार्थ्यांना सांगितले की ते गण पाडायला लागतात, म्हणून खुलासा करतो : वृत्त ते इंद्रवज्रा, हे निराळे. शनिवार-रविवारी कड्यावर तंबूंची जत्रा भरते, ते टाळण्यासाठी आम्ही आठवड्याच्या मध्यावर जाणार आहोत.

परंतु हे सारे वाचकाचे कौतुक झाले. निवड ठरली ती वेगळ्या गोष्टीवर. रतनवाडी, कुमशेत, पाचनई या तिन्ही ठिकाणी गाडीरस्ता पोचतो. दर मुक्कामाच्या आगेमागे एक गाव आहे, आणि गावातून उठून घरी जाता येते. वहिनींची अट आणि मित्राची अट एकाच वेळी पाळणारी ही वाट आहे. ती सोपी मुळीच नाही. कात्राबाईचा चढ धडधाकट माणसाचाही घाम काढतो. ती सोडता येते, एवढेच.

हे मी त्याला सांगितले तेव्हा तो ‘माचीवरला बुधा’वर घसरला. मुंबई सोडून राजमाचीवर परतणारा तो म्हातारा कुठे गाडीरस्ता विचारत होता, म्हणे. मला हा युक्तिवाद पटत नाही. बुधा माचीवर जातो तो तिथलाच होऊन राहायला. आपण डोंगरात जातो ते परत येऊन त्याविषयी बोलायला, आणि आपल्या बोलण्याला तर किमान दोन माणसे लागतात. त्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, “कुमशेतला मी थांबलो तर तू पुढे जाशील?”

मी नाही म्हणालो. तो रागावला. त्याचे म्हणणे, तसे असेल तर थांबण्याचे स्वातंत्र्य मला उरतच नाही. तुझा ट्रेक बुडेल या भिडेपोटी मी चालत राहीन आणि तेच धोक्याचे ठरेल. हा मुद्दा खरा होता, आणि मला सुचलेला नव्हता.

तेव्हा आता ठरले आहे ते असे. रतनवाडीपासून गावचा वाटाड्या बरोबर घ्यायचा. मित्राचे ओझे त्याच्याकडे. कुमशेतला सकाळी निर्णय मित्राचा, त्यावर मी अवाक्षर काढायचे नाही. तो थांबला तर गाडीने राजूरमार्गे पाचनईला येईल आणि देवळाच्या पायथ्याशी नाही तरी गडाच्या पायथ्याशी माझी वाट पाहील. वाटाड्यासह मी पुढे जाईन. वहिनींना यातले पहिले अर्धेच सांगितले आहे. उरलेले तो स्वतः सांगणार आहे, निघण्याच्या आदल्या रात्री.