लाकूड लहान होत नाही

मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडातल्या हार्टलपूलला तरंगते आहे. ती सागवानाची. नेपोलियनशी चाललेल्या युद्धामुळे इंग्लंडात ओकचा तुटवडा पडला, तेव्हा तिथल्या नौदलाला मलबारी साग आणि वाडियांचे कारागीर आठवले. आता या जहाजाचं लाकडी मॉडेल करायचं झालं तर लाकूड कोणतं घ्यावं? कुणीही पटकन म्हणेल, सागच. मूळ जहाज सागाचं, तर मॉडेलही सागाचं. शिवाय साग आपल्याकडे कोणत्याही वखारीत मिळतो. या छंदात जसजशी वर्षं गेली तसतसा माझा या उत्तराला असलेला विरोध पक्का होत गेला. विशीत मला डोलकाठ्या आणि शिडंच दिसायची, पन्नाशीनंतर कोणतंही मॉडेल पाहताना नजर आधी नाळेजवळच्या फळ्यांकडे जाते, आणि मॉडेल खरं की खोटं याचा निकाल मी तिथेच लावतो.

लाकूड लहान होत नाही, ही साधी अडचण आहे. १:४८ हे जुनं, रुळलेलं प्रमाण, म्हणजे फुटाला पाव इंच. या हिशेबाने ट्रिंकोमालीचा तोफांचा मजला सुमारे १५० फुटांवरून ९५ सेंटिमीटरवर येतो आणि तीन इंच जाडीची फळी दीड मिलिमीटरची होते. सागाची छिद्रं मात्र होती तेवढीच राहतात. पाव मिलिमीटरचं छिद्र ४८ पट करून पाहा, १२ मिलिमीटर भरतं. रंधा मारलेल्या फळीवर ही छिद्रं लांबट चरांसारखी दिसतात, म्हणजे मॉडेलच्या जगात प्रत्येक फळीवर बोट जाईल एवढ्या खाचा. असलं जहाज समुद्रात कोण घालील? सतराव्या शतकातल्या इंग्रज कारागिरांना हे चांगलं कळलं होतं. ओकच्या जहाजांची त्यांनी केलेली ‘नेव्ही बोर्ड’ मॉडेल्स बॉक्सवुडची किंवा पेअरसारख्या फळझाडांच्या लाकडाची असत. या लाकडांचा पोत एकसारखा, छिद्रं भिंगाखाली धरावी तेव्हा दिसणारी, आणि धारदार पटाशीने कोपरा काढला तर तो ढलपी न उडता तसाच राहतो. आपल्याकडचं हेदूचं पिवळसर लाकूडही या कामाला बरं. बाल्सा मात्र नको. ते कापायला सोपं, म्हणूनच त्याची कड टिकत नाही.

यावर रास्त आक्षेप असा, की लाकूडच वेगळं घेतलं तर मूळ जहाजाचं मॉडेलमध्ये उरलं काय? उरते ती भूमिती, कारण आकार कितीही लहान केला तरी ती बदलत नाही. जहाजाचा घेर मध्यावर मोठा आणि नाळेकडे लहान असतो, म्हणून तेवढ्याच फळ्या पुढे अरुंद कराव्या लागतात. प्रत्येक बरगडीवर कागदाची पट्टी लावून घेर मोजायचा, फळ्यांच्या संख्येने भागायचा आणि त्या मापाने प्रत्येक फळी निमुळती करायची. किटमध्ये अक्रोडाच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या मिळतात. त्या तशाच लावत गेलं की नाळेजवळ त्या एकमेकींवर चढतात, आणि मग माणूस त्यांना टोकदार करून पाचरीसारखं कोंबत बसतो. फळी चपट्या अंगाने वाकते, धारेच्या अंगाने नाही. धारेच्या अंगाने वळवायची असेल तर रुंद तुकड्यातूनच वळणदार कापून घ्यावी लागते. गोदीतल्या सुताराला हेच करावं लागे, आणि मॉडेल करणाऱ्यालाही यातून सुटका नाही. (फळी अमोनियात भिजवली की मऊ होते, हा समज मात्र कसा टिकून आहे कोण जाणे. घरगुती अमोनियाने लाकडाला काही होत नाही. वाकवण्याचं खरं काम उष्णता करते, पाणी फक्त मदतीला. आणि ओली फळी डकवली तर वाळल्यावर ती आकसून फट पडते, ते वेगळंच.)

दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे, कारण तो माझ्याच उदाहरणातून निघतो. नेव्ही बोर्ड मॉडेल्समध्ये तळाच्या फळ्या बसवलेल्याच नसत, आणि उघड्या दिसणाऱ्या बरगड्यांची जोडणीही गोदीतल्यासारखी नसे. मग गोदीतली बांधणीची रीत पाळली कुठे? मला वाटतं, रीत पाळणं म्हणजे सांध्यान् सांध्याची नक्कल करणं नव्हे. बरगड्यांची जोडणी सोपी केली तरी जहाजाचा आकार रेखाचित्रांवरूनच घेतलेला असे. त्याउलट नेपोलियनच्या काळात इंग्लंडातल्या नॉर्मन क्रॉसच्या छावणीतल्या फ्रेंच युद्धकैद्यांनी स्वयंपाकातल्या उरलेल्या हाडांची जहाजं केली. कोरीवकाम थक्क करणारं आहे, पण रेखाचित्रं हाताशी नव्हती, त्यामुळे प्रमाणं सुटलेली असतात. त्या वस्तू मला मनापासून आवडतात, पण मी त्यांना मॉडेल म्हणत नाही. थ्रीडी प्रिंटरने काढलेल्या सांगाड्यावर माझा राग नाही. बरगड्यांचे आकार रेखाचित्रांवरून घेतले असतील तर वरच्या फळ्यांचं कोडं माणसालाच सोडवावं लागतं.

लाकडी खिळ्यांचंही असंच. ओकच्या जहाजातला दीड इंची लाकडी खिळा १:४८ ला ०.८ मिलिमीटरचा होतो. त्यासाठी बांबूची चोय काढून, सोनार तार ओढतात तशा भोकांच्या पोलादी पट्टीतून ती क्रमाने बारीक भोकांमधून ओढत नेतात. बरेच जण खिळे उठून दिसावेत म्हणून ते गडद करतात. पण अर्ध्या मीटरवरून मॉडेल पाहणं म्हणजे २४ मीटरवरून जहाज पाहणं, आणि तेवढ्या अंतरावरून लाकडातला लाकडी खिळा दिसत नाही. बॉक्सवुडमध्ये बांबूही जवळपास दिसेनासा होतो, ते योग्यच. मग घालायचे कशाला, फेव्हिकॉलने फळी पक्की बसतेच की! पण खिळे आतल्या कामाची परीक्षा घेतात, कारण खिळ्यांची ओळ बरगडीवरच पडावी लागते. आत बरगडी जागेवरून सरकलेली असली तर ड्रिल पोकळीत जातं, आणि तो भाग उसवून पुन्हा करावा लागतो.