जैसलमेरच्या वाळूत जीप हाकताना

वाचकहो, आपल्याकडं गाडी रुतते ती चिखलात. मृगाचा पाऊस झाला की काळ्या रानात बैलगाडी आखापर्यंत जाते. उसानं भरलेली ट्रॉली फडातून निघता निघत नाही, मग शेजाऱ्याचा ट्रॅक्टर पुढं जोडावा लागतो. पण जिथं वर्षाला जेमतेम सात-आठ इंच पाऊस पडतो, चिखल औषधालाही सापडत नाही, तिथंही गाड्या रुततात आणि आपल्यापेक्षा वाईट रुततात. त्या मुलखाची ही हकिगत.

जोधपूरहून पश्चिमेला पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर गेलं की जैसलमेर लागतं. पिवळ्या दगडाचा किल्ला, आत अजून नांदतं गाव. ते सगळं पाहाच. पण शहरातून आणखी चाळीसेक किलोमीटर पुढं गेलात की सम नावाचं गाव येतं आणि वाळूच्या टेकड्या सुरू होतात. इथून पुढं साध्या मोटारीचं काम नाही. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी जीप पाहिजे. आपल्याकडं घाटात, खडीच्या रस्त्यावर जी जीप दिसते तीच, पण हाकायची तऱ्हा अगदी निराळी.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? चिखलात ट्रॅक्टर घालणाऱ्या माणसाला वाळूचं काय कौतुक? इथंच गफलत होते. चिखलात आपल्याला खोल नक्षीचं टायर लागतं. भातखाचरात तर लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावतो, कारण वरचा रबडा कापून खालच्या घट्ट थराला चाकानं धरायचं असतं. वाळूला खाली घट्ट थर नाही. जितकं चावाल तितकं खोल जाल. वाळूवर चाकानं चावायचं नाही, तरंगायचं.

उंटाचं पाऊल कधी पाहिलंत का? दोन बोटं, खाली मऊ रुंद गादी. जमिनीवर टेकलं की पसरतं. म्हणून एवढं धूड वाळूवरून अलगद जातं आणि त्याच वाळूत लोखंडी धावेची बैलगाडी फसते. तिकडच्या लोकांनी हे ओळखून उंटगाड्यांना विमानांची जुनी टायरं बसवली. रुंद, गुबगुबीत टायर, वर फळ्यांची साधी गाडी. मालही भरपूर जातो आणि उंटही दमत नाही.

जीपच्या चाकाला हे उंटाचं पाऊल द्यायचं तर हवा कमी करायची. डांबरी रस्त्यावर चाकात तीस-पस्तीस पौंड हवा असते. वाळू लागली की चालक खाली उतरतो आणि काडीनं वॉल्व्ह दाबून ती पंधरा ते अठरा पौंडांवर आणतो. पाहणाऱ्याला वाटतं, हा शहाणा चांगली गाडी पंक्चर करतोय! पण हिशोब सोपा आहे. गाडीचं वजन तेवढंच, आतला दाब निम्मा, म्हणजे तेच वजन पेलायला टायर जवळजवळ दुप्पट जागेवर टेकतं. टायर रुंदीला थोडं आणि लांबीला जास्त पसरतं, लांबट पाऊल तयार होतं. मात्र बारा पौंडांच्या खाली गेलात तर वळताना टायर रिंगवरून उतरण्याची भीती. म्हणून कमी हवेवर गर्रकन वळायचं नाही आणि वेगही आवरायचा.

ही युक्ती नवी नाही. राल्फ बॅगनॉल्ड नावाच्या इंग्रज लष्करी इंजिनिअरनं इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात १९२० च्या दशकाच्या शेवटी आणि १९३० च्या सुरुवातीला साध्या फोर्ड मोटारी घातल्या, त्या हवा कमी करूनच. रुतलेलं चाक काढायला तो पोलादी पन्हाळ्या बरोबर ठेवी. रेडिएटरची वाफ वाया जाऊ नये म्हणून ती डब्यात धरून पुन्हा पाणी करून वापरी. पुढं वाऱ्यानं वाळूचा कण कसा उड्या मारत जातो यावर त्यानं १९४१ साली ग्रंथ लिहिला. अभ्यासक तो अजून चाळतात.

आता प्रत्यक्ष हाकणं. निघताना हलका गिअर, चारही चाकं जोडलेली, आणि क्लच हळू सोडायचा. एकदा गाडीनं गती धरली की ती मोडायची नाही. चढावर मध्येच गिअर बदलायला गेलात की तेवढ्या क्षणात गाडी थांबते. ब्रेक तर विसराच. ब्रेक मारला की चाकापुढं वाळूचा बांध साचतो आणि पुढं निघताना तोच आडवा येतो. पाय उचलायचा, गाडी आपोआप थांबते. तीही उतारावर तोंड करून थांबवायची. उतारावरून निघणं केव्हाही सोपं. सकाळी वाळू गार असते, दव पडलं असेल तर आवळलेली असते. दुपारी तीच भुसभुशीत होते. म्हणून जाणते लोक पहाटे निघतात.

टेकडीच्या दोन बाजू सारख्या नसतात. उन्हाळ्यात तिथं वारा नैर्ऋत्येकडून येतो. वाऱ्याकडची बाजू लांब उताराची आणि दाबलेली, तर आडोशाची बाजू खडी आणि मऊ. धान्याची रास ओतल्यावर कडेचा उतार जसा आपोआप ठरतो तसाच हा ठरतो. चढायचं ते वाऱ्याच्या बाजूनं आणि सरळ. तिरपं चढायला गेलात की खालच्या चाकांवर भार येतो, ती रुततात आणि गाडी आडवी होते. माथ्याच्या अलीकडं थांबून एकानं चालत वर जाऊन पलीकडं पाहायचं, कारण माथ्यापलीकडं उतार आहे की खड्डा हे गाडीत बसून दिसत नाही. समला संध्याकाळी पर्यटकांना जीपमध्ये उभं करून, दांडीला धरायला लावून, टेकड्यांवरून उड्या मारत नेतात. किंकाळ्या आणि हसू ऐकू येतं. मला तो प्रकार मुळीच पसंत नाही. लेकरं बरोबर असतील तर चालकाला आधीच सांगा की सावकाश ने, नाहीतर उतरतो.

आणि रुतलीच तर? पहिली गोष्ट म्हणजे पाय काढा. चाक जागच्या जागी फिरवलं की ते आपलीच विहीर खणतं. थोड्याच वेळात गाडी पोटावर बसते, मग चाकं नुसती हवेत फिरतात. खाली उतरून चारही चाकांपुढची वाळू फावड्यानं काढा, पोटाखालची आधी काढा. हवा आणखी दोन-तीन पौंड कमी करा. चाकाखाली फळी किंवा जाड गोणपाट सारा आणि ज्या चाकोरीनं आलात त्याच चाकोरीनं मागं या, कारण ती दाबलेली असते. एवढं करूनही नाही निघाली तर गाडी सोडून चालत जाऊ नका, बरं का. गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही. गाडीच्या सावलीत बसा आणि पाणी जपा. माणशी पाच लिटर पाणी बरोबर असल्याशिवाय आणि कुठं जातो हे मागं सांगितल्याशिवाय वाळूत शिरूच नये.

वाळूनं रणगाडेही सोडले नाहीत. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानचे रणगाडे लोंगेवाला ठाण्यावर चालून आले. ठाण्यात मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाब पलटणीचे सुमारे सव्वाशे जवान. पुष्कळ रणगाडे आणि मागच्या गाड्या मऊ वाळूत फसल्या. उजाडताच जैसलमेरहून आपली हंटर विमानं आली आणि त्यांनी त्या उघड्यावर टिपल्या. रामगडवरून तिथं आता डांबरी रस्ता जातो, पकडलेले रणगाडे पाहायला मिळतात. सीमेकडच्या भागात मात्र परवान्याची चौकशी आधी करा.

आपल्यासारख्या शेतकऱ्याचं लक्ष मात्र टेकड्यांपेक्षा मधल्या सपाट रानाकडं जातं. तिथं सेवण नावाचं गवत वाढतं. थारपारकर गाई त्याच्यावरच पोसल्या जातात. फोग नावाचं झुडूप आहे. या दोघांच्या मुळ्यांनी वाळू धरून ठेवली आहे. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पुजतो ती. तिचा पाला शेरडांना, शेंगांची भाजी माणसाला, आणि खाली बाजरी चांगली येते. हीच झाडं वाचवण्यासाठी १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडलीत ३६३ बिष्णोईंनी प्राण दिले. खडकाळ उताराखाली बांध घालून पाणी अडवायचं आणि ते मुरल्यावर त्या ओलीवर गहू, हरभरा पेरायचा, ही ‘खडीन’ची शेती पालीवालांनी काही शतकांपूर्वी वसवली. ती मुद्दाम वाट वाकडी करून पाहावी अशी आहे.

म्हणून जीप कुठूनही घालू नये, असं तिथले गुराखी सांगतात. चाकाखाली सेवणाचं बेट मोडलं की तिथली वाळू मोकळी होते आणि आंधीबरोबर कुणाच्या तरी शेतात जाऊन बसते. शिवाय हा माळढोकाचा मुलूख. तिकडं त्याला गोडावण म्हणतात. सोलापूर-नगर भागात आपण १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य केलं, तरी आपल्या माळावर तो दिसेनासा झाला. थोडे उरलेत ते मुख्यतः या जैसलमेरच्या रानात. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते, मातीच्या रंगाचं. जीपवाल्याला ते दिसत नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत परवानगीशिवाय आणि मळलेली वाट सोडून जाण्याला म्हणूनच मनाई आहे.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पुढं ऊन आणि आंध्या सुरू होतात. आणि डांबरी रस्त्याला लागलात की चालकाला आधी हवा भरायला लावा. अर्ध्या हवेचं टायर पक्क्या रस्त्यावर तापतं आणि फुटतं. पायपंपानं चार चाकं भरायला अर्धा-पाऊण तास जातो. तेवढ्यात जवळच्या ढाणीवर चहा होतो.