पीळ घेणारा प्रकाश



आम्ही बी.एस्सी. हिंदी माध्यमातून केले. 'कोणीय संवेग' म्हटले की भोवरा आणि पृथ्वी, एवढेच तेव्हा आम्हाला ठाऊक. पदवी हाती आल्यावर, १९९२ साली, लेस अ‍ॅलन आणि लायडन विद्यापीठातील सहकाऱ्यांनी मांडले की, गोल जिन्यासारखा पीळ घेत जाणाऱ्या प्रकाशझोतातही कोनीय संवेग असतो. अशा झोताच्या मध्यभागी अंधार आणि भोवती प्रकाशाचे कडे दिसते. १९९५ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात अशा लेझरने सूक्ष्म कण फिरवून दाखवले. २०१३ साली दोन पीळ आणि दहा तरंगलांबी वापरून १.१ किलोमीटर फायबरमधून सेकंदाला १.६ टेराबिट माहिती पाठवली गेली.

"विज्ञान मराठीत झेपेल का?" असे काही पालक आम्हाला विचारतात व मुलांना दुसऱ्या शाळेत घालतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच: हिंदी आणि मराठी संज्ञेत फरक 'ण' आणि 'न'चा. आणि वाती वळणाऱ्या आजीला पीळ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मुलांनो, प्रश्न आधी घरच्या भाषेत पडू द्या. इंग्रजी शब्द मागाहून शिकता येतात. आम्हीही तसेच शिकलो.