शाळा सोडण्याचे कारण

शाळेला सॉफ्टवेअर हवं असतं तेव्हा बोलणी सुरू होतात फीपासून. मग हजेरी, गुणपत्रिका, पालकांना जाणारे मेसेज. पडद्यावर रंगीत आलेख दिसले की संस्थाचालक खूश होतात, आणि ते करून देणं काही अवघड नसतं. मी मात्र पहिल्याच भेटीत जनरल रजिस्टर बघायला मागते. ‘ते कशाला? ते तर कपाटात असतं,’ असं कुणी म्हणालं की माझं उत्तर ठरलेलं आहे. बाकी सगळं त्या-त्या वर्षापुरतं असतं, हे एकच पुस्तक शाळा असेपर्यंत आणि शाळा बंद पडल्यावरही लागतं. फीची पावती हरवली तर दुसरी काढता येते. जनरल रजिस्टरमधली एक ओळ गेली तर एक माणूस त्या शाळेत शिकला होता याचा पुरावाच जातो.

काळाचौकीतल्या एका जुन्या मराठी शाळेचं काम माझ्याकडे आलं तेव्हा ही रजिस्टरं मी पानापानाने वाचली. कापडी पुठ्ठ्याची, उघडली की अख्खं टेबल व्यापणारी. शाळा गिरणगावातली. जवळच इंडिया युनायटेडच्या दोन आणि तीन नंबरच्या गिरण्या, एका अंगाला लालबाग, दुसऱ्या अंगाला कॉटन ग्रीनची गोदामं. मुलं चाळींतून आलेली, अभ्युदय नगरातून आलेली. जन्मस्थळाच्या रकान्यात मुंबई कमीच दिसते. संगमेश्वर, मालवण, पाटण, जुन्नर अशी गावं-तालुके एकाखाली एक उतरत जातात. रजिस्टर क्रमांक, पूर्ण नाव, धर्म, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, आणि शेऱ्याच्या अलीकडे एक रकाना: शाळा सोडण्याचे कारण.

सत्तरच्या दशकातल्या पानांवर हा रकाना शांत आहे. ‘दुसऱ्या शाळेत प्रवेश’, ‘पालकांच्या विनंतीवरून’, ‘एस.एस.सी. उत्तीर्ण’. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या पानांवर शाई तीच, अक्षर तेच, पण शब्द बदलतात. ‘गावी जाणार’. ‘कायमचे गावी’. ‘वडिलांना काम नसल्याने गावी’. एका ओळीत नुसतं ‘संप’. मुलगी चौथीत होती. प्रगती ‘चांगली’, वर्तणूक ‘चांगली’, आणि कारण ‘संप’. क्लार्कने कुणाला काही सांगायचं म्हणून हे लिहिलेलं नव्हतं. वडील समोर उभे होते, त्यांनी जे सांगितलं ते त्याने उतरवलं.

सुमारे अडीच लाख कामगारांच्या त्या संपावर पुस्तकं आहेत, नाटकं आहेत, सिनेमे आहेत. कोणतं मूल कोणत्या इयत्तेतून कोणत्या तारखेला उठून देवरूखच्या बाजूला गेलं, हे मात्र अशा रजिस्टरांतच आहे.

आता याच रकान्याचं आजच्या सॉफ्टवेअरमध्ये काय होतं ते सांगते. तिथे एक यादी उघडते: स्थलांतर, अन्य शाळेत प्रवेश, शिक्षण पूर्ण, इतर. क्लार्कने एक निवडायचं आणि पुढे जायचं. शासनाला आकडेवारी लागते, सांकेतिक क्रमांक लागतात, हे मला मान्य आहे. त्याशिवाय राज्यभरातल्या शाळांची बेरीज होणार नाही. पण जुनी रजिस्टरं संगणकावर चढवताना ‘संप’ या शब्दाच्या जागी ‘इतर’ लिहिलं गेलं, तर ते काम करणाऱ्याने नोंद उतरवलेली नाही, पुसलेली आहे. म्हणून माझ्या रचनेत कारणाला दोन जागा आहेत. एक सरकारी यादीतला क्रमांक. दुसरी, रजिस्टरमधले शब्द जसेच्या तसे, ऱ्हस्व-दीर्घासकट. दुसरी जागा भरल्याशिवाय पहिली भरता येत नाही.

त्या शाळेच्या हेडक्लार्क बाईंकडून मी जे शिकले ते कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हतं. ‘बाळा, खोडायचं नसतं, रेघ मारायची,’ त्या म्हणाल्या. नोंदीत दुरुस्ती करायची तर जुना शब्द वाचता येईल अशी एकच आडवी रेघ, वर लाल शाईने नवा शब्द, शेऱ्यात आदेशाचा क्रमांक आणि तारीख, शेजारी मुख्याध्यापकांची सही. पांढरी शाई लावायची नाही, पान फाडायचं नाही. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे ज्यांनी कारभार केला त्या सगळ्या क्लार्क मंडळींना हे पाठ आहे. कारण उद्या जात पडताळणी समितीपुढे किंवा कोर्टात ते पान गेलं, तर पहिला प्रश्न हाच येतो: आधी काय लिहिलं होतं, कधी बदललं आणि कोणाच्या हुकमाने?

बाजारातली बरीच शालेय सॉफ्टवेअर या प्रश्नापुढे गप्प बसतात. पडद्यावर नाव दुरुस्त केलं, सेव्हचं बटण दाबलं, की जुनं नाव कुठेच उरत नाही. त्या बाईंची लाल शाई मी जशी होती तशी प्रोग्राममध्ये आणली. माझ्याकडे नोंद बदलत नाही. जुनीच्या खाली नवी ओळ लागते, आदेश क्रमांकासह, आणि दोन्ही दिसतात. डेटाबेसला यामुळे थोडी जागा जास्त लागते. एका शाळेच्या शंभर वर्षांच्या नोंदी आजच्या साध्या फोनमध्येही मावतील, त्यामुळे जागेची सबब मी ऐकून घेत नाही.

जन्मतारखेचंही असंच. रजिस्टरमध्ये ती दोनदा लिहितात, आकड्यांत आणि अक्षरांत. चेकवर रक्कम लिहितात त्याच कारणासाठी. हाताने लिहिलेल्या देवनागरीत १ आणि ९ कधी कधी सख्ख्या भावांसारखे दिसतात. अक्षरी रकाना नसता तर कित्येक माणसं आठ वर्षांनी लहान-मोठी झाली असती. सॉफ्टवेअर काय करतं, तर आकडे टाइप करून घेतं आणि अक्षरी तारीख स्वतःच तयार करून छापतं. दाखल्यावर दोन्ही छान जुळतात. जुळणारच, दुसरी पहिलीतूनच निघालेली असते, म्हणजे तपासणी उरलीच नाही. जुनं रजिस्टर चढवताना मी दोन्ही रकाने वेगवेगळ्या माणसांकडून टाइप करून घेते आणि मग ताडून बघते. जुळले नाहीत तर प्रोग्राम निकाल देत नाही. पानाचा फोटो समोर ठेवतो आणि मुख्याध्यापकांना विचारतो.

आणि एक जून. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या शाळेचं रजिस्टर उघडा, १ जूनला जन्मलेल्यांची रांग दिसेल. शाळा जूनमध्ये सुरू होई, जन्मदाखला नसे, आणि मूल सहाचं पूर्ण भरलं हे दाखवायला गुरुजी १ जून टाकत. नाव आणि जन्मतारीख जुळली की एकच व्यक्ती, असं धरून चालणारा प्रोग्राम इथे दोन संतोष शिंदे एकत्र करून टाकतो. म्हणून मी आईचं नाव, रजिस्टर क्रमांक आणि प्रवेशाची तारीख यांच्याशिवाय दोन नोंदी जुळवू देत नाही. काही जण सुचवतात की १ जूनच्या नोंदींना ‘संशयास्पद’ अशी खूण लावावी. मी ती लावत नाही. त्या तारखेवर माणसं नोकरीला लागली, निवृत्त झाली, पेन्शन घेतात. ती त्यांची तारीख आहे.

नावाबद्दल बोलायचं तर एक लेख वेगळाच होईल. बाहेरून आलेली सॉफ्टवेअर पहिलं, मधलं, शेवटचं अशा तीन खणांत माणूस बसवतात. आपल्या एस.एस.सी.च्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने क्रम ठरवला आहे: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. ही मुलं लवकरच पहिलीत येतील आणि तीन खणांचे सगळे प्रोग्राम अडतील. तीन खणांत न बसणारी नावं तशी आधीपासूनच आहेत: याच गिरणगावात तेलुगू पद्मशाली घरांतली मुलं शिकली, वडिलांचं नाव न लावणाऱ्या आयांची मुलं शिकतात. मी पूर्ण नाव रजिस्टरमध्ये आहे तसं एकसलग ठेवते आणि खण नंतर पाडते. हजेरीपटाचा क्रम लावताना ळ, क्ष, ज्ञ मुळाक्षरांच्या शेवटी येतात हेही संगणकाला मुद्दाम शिकवावं लागतं. त्याच्या हिशोबाने क्षीरसागर ‘क’मध्येच उभा असतो. गोऱ्हे आणि कुऱ्हाडे यांचा ‘ऱ्ह’ नीट उमटतो की नाही, हे मी छापील दाखल्यावर बघते, पडद्यावर नाही. श्रीलिपी किंवा आयएसएममध्ये केलेल्या जुन्या याद्या युनिकोडमध्ये आणताना तो हमखास तुटतो.

जातीच्या रकान्याबद्दल माझं मत पक्कं आहे. ही नोंद जपली पाहिजे, आणि ती फार थोड्यांना दिसली पाहिजे. जपली पाहिजे, कारण जातीचा दाखला मागताना अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे पुरावे लागतात, आणि पुष्कळ घरांत असा एकच कागद निघतो: आजोबांचा शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा महसुली दप्तराबरोबर शाळांची रजिस्टरंही बाहेर आली आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. कुठल्या तरी गुरुजींनी लिहिलेला एक शब्द पणतवाच्या प्रवेशाला उपयोगी पडतो. मग तोच शब्द वर्गशिक्षकांच्या रोजच्या यादीत नावापुढे कशाला हवा? वर्गात यादी हातोहात फिरते, मुलं वाचतात. शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या क्लार्कला आणि मुख्याध्यापकांना तो रकाना उघडतो. बाकी कुणाच्या पडद्यावर तो नसतो. आधार क्रमांकालाही हाच नियम.

मुलाला आता क्रमांक पुष्कळ आहेत. राज्याच्या ‘सरल’ प्रणालीतला २०१५ पासूनचा स्टुडंट आयडी, यूडायस प्लसमधला अकरा अंकी पेन, त्यावर बारा अंकी अपार. हे वाईट नाही. मूल दुसऱ्या जिल्ह्यात गेलं तरी त्याचा माग लागतो, आणि शिक्षण हक्क कायद्याने तर २००९ सालीच सांगितलं आहे की दाखला यायला उशीर झाला म्हणून कुणाचा प्रवेश अडवायचा नाही. १९८२ मध्ये गावी गेलेल्या मुलांना हा कायदा असता तर त्यातली किती तरी पुन्हा वर्गात बसली असती. पण हे क्रमांक दिल्ली-पुण्याच्या सर्व्हरवर राहतात आणि त्यांचे नमुने वरचेवर बदलतात. दाखल्यावर आजही छापलेलं असतं की वरील माहिती जनरल रजिस्टरप्रमाणे आहे. माहितीची जबाबदारी शाळेची आहे.

म्हणून सॉफ्टवेअर घेणाऱ्या मुख्याध्यापकांना मी दोन प्रश्न विचारायला सांगते. दुरुस्ती केल्यावर जुनी नोंद दिसते का? आणि करार संपला तर सगळ्या नोंदी, पानांच्या फोटोंसह, आमच्या हातात कोणत्या रूपात देणार? दुसऱ्या प्रश्नावर विक्रेता घुटमळला तर सही करू नका. आणि संगणक आला म्हणून कापडी पुठ्ठ्याची रजिस्टरं रद्दीत घालू नका. ती तळमजल्यावर असतील तर पावसाळ्याआधी वर हलवा.

पालकांना एवढंच सांगायचं आहे: दाखला हातात पडेपर्यंत थांबू नका. मूल शाळेत असतानाच एकदा कचेरीत जा, जनरल रजिस्टरमधली त्याची ओळ स्वतः वाचा आणि जन्मदाखल्याशी ताडून बघा. तोवर दुरुस्तीचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण निरीक्षकांकडे जातो आणि काम होतं. शाळा सोडल्यावर त्याच एका अक्षरासाठी प्रतिज्ञापत्रं करावी लागतात, हेलपाटे घालावे लागतात, आणि कधी कधी कोर्टाची पायरीही चढावी लागते.