आतेचा वाटा

2022 च्या उन्हाळ्यात दम्माममधल्या आमच्या घराचा एसी बंद पडला आणि दुरुस्तीला एक सडपातळ फिलिपिनो पोरगा आला. काम संपवून तो शिडीवरून उतरला, दाराबाहेर जाऊन उभा राहिला आणि घरात नजर न टाकता म्हणाला, "आते, पाणी मिळेल?" पुढचं सगळं इंग्रजीत होतं, पण 'आते' अगदी आपल्यासारखं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. हा मराठी कुठून शिकला?

मग उलगडा झाला. त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला 'आते' म्हणतात आणि मोठ्या भावाला 'कुया'. आपल्याकडे आते म्हणजे बापाची बहीण. हे आम्ही त्याला सांगितलं तेव्हा तो खूप हसला. तेवढ्यात अस्रची अजान झाली आणि त्यानं विचारलं, "किबला कुठल्या बाजूला?" आता चकित व्हायची पाळी आमची होती. फिलिपिनो म्हटलं की ख्रिस्ती, असंच आम्ही धरून चाललो होतो. आखातात इतकी वर्षं काढूनही आम्हाला हे ठाऊक नव्हतं की त्या देशात शंभरात सहा माणसं मुसलमान आहेत आणि स्पेनची जहाजं तिथे पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून दक्षिणेकडच्या बेटांवर अजान होत आली आहे.

तेव्हापासून तो जुम्याला आमच्याकडे जेवायला येऊ लागला. आखातात फिलिपिनो माणसाला सगळे 'कबायान' म्हणतात, म्हणजे देशबांधव. आम्हीही त्याला तेच म्हणतो. वय तेव्हा बावीस. पगारातला मोठा हिस्सा घरी. धाकटी बहीण नर्सिंगला, तिची फी हाच भरायचा. एकदा त्यानं घरून आलेली 'पालापा' आणली. बारीक कांदापात, आलं, मिरची आणि भाजलेलं खोबरं यांची ती तिखट चटणी. तांदळाच्या भाकरीबरोबर खाताना आम्हाला क्षणभर श्रीवर्धनला बसल्यासारखं वाटलं.

कबायान मरावी शहराचा. हे शहर मिंदानाओ बेटावर, लानाओ नावाच्या मोठ्या तळ्याच्या काठी आहे. तिथले लोक मरानाओ, म्हणजेच 'तळ्याचे लोक'. हाडाचे व्यापारी. मनिलाच्या बाजारातही त्यांची दुकानं सापडतात. मरावीला अधिकृतपणे 'इस्लामी शहर' असं नाव आहे आणि देशात असं नाव असलेलं ते एकच. त्याच्या वडिलांचं पादियान बाजारात कापडाचं दुकान होतं आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आजोबांनी बांधलेलं तीन मजली घर. खाली आजोबा-आजी, मधल्या मजल्यावर हे, वर चुलते.

23 मे 2017 रोजी, रमजान चार दिवसांवर आलेला असताना, आयसिसचं नाव घेणाऱ्या माउते टोळीनं शहरात शस्त्रं बाहेर काढली. त्याच रात्री सरकारनं मिंदानाओत मार्शल लॉ लावला. पुढे पाच महिने लढाई चालली. टोळीवाले घराघरांत दडून बसले आणि वरून विमानांनी बॉम्ब टाकले. हजाराहून जास्त माणसं मेली, साडेतीन लाखांवर लोक घर सोडून गेले. 23 ऑक्टोबरला लढाई संपल्याचं जाहीर झालं तेव्हा बाजार आणि आसपासचे चोवीस मोहल्ले ढिगारा झाले होते.

"इस्लामचं राज्य आणतो म्हणाले," कबायान एकदा म्हणाला, "आणि आमच्या देशातलं एकमेव इस्लामी शहर मोडून गेले."

त्या दिवसांतली एक गोष्ट मात्र तो मान वर करून सांगतो. टोळीवाले ख्रिस्ती लोकांना शोधून मारत होते तेव्हा मरावीच्या मुसलमानांनी शेजाऱ्यांना, कामगारांना आपल्या घरात लपवलं. बायांना हिजाब दिले. नोरोदिन आलोंतो लुकमान या तिथल्या जुन्या पुढाऱ्यानं तर घरात आसरा दिलेल्या कित्येकांना स्वतः पुढे चालून शहराबाहेर काढलं. कबायानच्या वडिलांच्या दुकानातला शिवणकाम करणारा ख्रिस्ती पोरगाही यांच्याच गाडीत, यांचाच मुलगा म्हणून बसला.

ती गाडी चाळीसेक किलोमीटरवरच्या इलिगान शहराकडे निघाली. सगळा रस्ता माणसांनी आणि वाहनांनी तुंबलेला. पोहोचायला रात्र झाली. विस्थापितांमधले बहुतेक लोक सरकारी छावणीत गेलेच नाहीत, नातेवाइकांकडे गेले. हेही गेले ते त्याच्या 'बाबो'कडे. मरानाओ भाषेत बाबो म्हणजे आते.

दोन खोल्यांचं तिचं घर. तिथे तेवीस माणसं राहिली, चौदा महिने. पुरुष मशिदीत झोपायचे, बाया-मुलं घरात. पहिल्या रमजानमध्ये सहरीला भाताचं एकच मोठं पातेलं असायचं. बाबो सगळ्यांना वाढून झाल्यावर तळाचा करपलेला भात स्वतः खायची आणि म्हणायची, मला हाच आवडतो. "बरेच महिने आम्हाला ते खरं वाटत होतं," कबायान म्हणाला.

नंतर सरकारनं सागोन्सोंगनला बांधलेल्या तात्पुरत्या घरांत त्यांना एक खोली मिळाली. 2018 मध्ये लोकांना आपली मोडकी घरं बघायला आत सोडलं. याच्या घराचे वरचे दोन मजले खाली आले होते. ढिगाऱ्यातून त्यानं आजीचा पितळी पानाचा डबा तेवढा आणला.

जानेवारी 2019 मध्ये त्यानं आयुष्यातलं पहिलं मत दिलं. मुसलमानबहुल भागाला स्वतःची विधानसभा आणि स्वतःचं सरकार द्यायचं का, यावर लोकांचा कौल घेतला होता. लानाओ देल सूर प्रांतानं भरघोस 'हो' म्हटलं आणि बांगसामोरो हा स्वायत्त प्रदेश झाला. पहिली निवडणूक 2022 मध्ये व्हायची होती. ती पुढे ढकलली, मग आणखी पुढे. "मी मत दिलं तेव्हा मला वाटलं होतं, परदेशी जायची गरज पडणार नाही," तो हसून म्हणाला. 2021 मध्ये तो दम्मामला आला.

राजकारणानं त्याच्या घरातही फूट पाडली. दुतेर्ते राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्याच्या वडिलांनी मिठाई वाटली होती. मिंदानाओचा पहिला राष्ट्राध्यक्ष, त्यात आजीकडून मरानाओ रक्त असल्याचं सांगणारा. मरावीवर बॉम्ब पडल्यावरही वडिलांची निष्ठा हलली नाही. मुलाच्या मनात मात्र अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत मारलेली माणसं होती, सरकारी आकड्यानुसारच सहा हजारांवर. 11 मार्च 2025 रोजी, अकराव्या रोज्याला, दुतेर्तेंना मनिलाच्या विमानतळावर अटक झाली आणि त्याच रात्री हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे रवाना केलं. त्या संध्याकाळी कबायान आमच्याकडे इफ्तारला होता. वडिलांचा फोन आला. दोघांचे आवाज चढले. फोन ठेवून त्यानं खजूर हातात घेतला तो तसाच राहिला.

आम्ही म्हटलं, "राजकारणावरून बापाशी भांडायचं नाही, बेटा."

"आते, भांडण दुतेर्तेंचं नव्हतंच," तो म्हणाला. "घराचं आहे."

मग सगळं बाहेर आलं. मरावीतल्या लोकांना नुकसानभरपाई देण्याचा कायदा 2022 मध्ये झाला. 2023 च्या जुलैपासून वर्षभर अर्ज घेतले गेले. पण मरावीत पिढ्यान्‌पिढ्यांची घरं कुळाची, कागद कोणाकडे आहेत कोणाकडे नाहीत. याच्या चुलत्यांनी सगळं घर आपल्या नावावर दाखवून अर्ज केला, कारण कर त्यांनी भरला होता. वडिलांनी चिडून त्याच घरावर दुसरा अर्ज केला. आजोबा-आजी तोवर वारले होते. सख्खे भाऊ बोलेनासे झाले. मरानाओ लोकांत घराण्याच्या इज्जतीला 'मराताबात' म्हणतात आणि तिच्यापायी पेटलेल्या वैराला 'रिदो'. असं वैर पिढ्या गिळतं. वडिलांचं म्हणणं होतं, मुलानं पैसे पाठवावेत, वकील लावू.

"तुझं काय म्हणणं आहे?" आम्ही विचारलं.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दोन्ही अर्जांत बाबोचं नाव नाही."

आम्हालाही ते तोवर सुचलं नव्हतं. आजोबांची मुलं तीन: दोन मुलगे, एक मुलगी. शरियतनं घराचे पाच भाग होतात. मुलांना दोन-दोन, मुलीला एक. फिलिपिन्सच्या 1977 च्या मुस्लिम वैयक्तिक कायद्यातही वारशाचे हे वाटे लिहिलेले आहेत. दोघे भाऊ पाचही वाट्यांसाठी भांडत होते, आणि जिनं चौदा महिने दोघांचे संसार आपल्या दोन खोल्यांत सांभाळले तिचा पाचवा वाटा दोघांच्याही हिशेबात नव्हता.

त्या रात्री तरावीहनंतर त्यानं वडिलांना आवाजी निरोप पाठवला. त्याचा अर्थ त्यानं नंतर आम्हाला सांगितला: वकिलासाठी पैसे पाठवणार नाही. पण तुम्ही आणि चुलते बाबोकडे जाऊन तिचा वाटा तिला देतो म्हणालात, तर माझ्या वाट्याला पुढे जे येईल ते आजच चुलत्यांना सोडतो.

आठ दिवस वडिलांचं उत्तर आलं नाही. ईदच्या दिवशी आईचा फोन आला. दोघे भाऊ वेगवेगळ्या गाड्यांतून, पण इलिगानला एकाच वेळी पोहोचले होते. बाबोनं दोघांना आत घेतलं आणि भात वाढला. त्यापलीकडे काय ठरलं ते आईलाही कळलं नव्हतं. भरपाईचे पैसे आम्ही हे लिहीपर्यंत आलेले नाहीत, पण भाऊ एकमेकांचे फोन उचलतात.

ही गोष्ट इथे संपली असती तर आम्ही लिहायला बसलो नसतो. पण त्या रात्री कबायान गेल्यावर आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांशी बोललो नाही. आमच्या कपाटात एक लिफाफा होता. श्रीवर्धन तालुक्यात आमचं वडिलोपार्जित घर आहे. मोठे भाई कुवेतहून परतलेत, त्यांना ते पाडून नवं बांधायचंय. आमचंही म्हणणं होतं की दोन भावांत सारखं वाटून घ्यावं. एक बहीण मुंब्र्याला असते, विधवा आहे. तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घ्यायचं ठरलं होतं. वकिलानं मसुदा पाठवला होता, सुटीवर गेलो की सही घ्यायची. तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "तुम्ही म्हणाल तिथे सही करते." आम्हाला ती राजीखुशी वाटली होती. आपल्याकडे बहिणी अशाच राजीखुशीनं सह्या करतात.

आम्ही जमाअतीत बसून सिलारहमीवरची बयानं ऐकतो. नातं तोडू नये, हे आम्हाला पाठ आहे. 1937 च्या शरियत कायद्याचा अभिमान आम्ही जलशांतून सांगतो. आणि त्याच शरियतनं बहिणीला दिलेला पाचवा भाग काढून घ्यायचा कागद आम्ही कपाटात जपून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला फोन केला. म्हटलं, सही करू नकोस, तुझा वाटा तुझाच राहील. ती बराच वेळ बोलली नाही. आम्हाला वाटलं लाइन तुटली. मग हळूच म्हणाली, "वाटा घेतला तर मग मी माहेरी कुठल्या तोंडानं येऊ?"

इतकी वर्षं आम्ही जिला राजीखुशी समजत होतो, ती ही भीती होती. घर सोडलं तर माहेर राहतं आणि घर मागितलं तर माहेर जातं, हा हिशेब कोणी शिकवला नव्हता, पण तिनं तो पाठ केला होता. दरवर्षी आम्ही सुटीवर जायच्या आधी मुंब्र्याहून जाऊन ते बंद घर झाडूनपुसून ठेवणारी तीच. विहिरीचा रहाट दुरुस्त करून घेणारी तीच. आमच्या मुलांची फुफी, गावच्या पोरांची आते.

आम्ही तिला सांगितलं, तुझा हक्क तुझ्या हातात असेल तरच ते तुझं माहेर. तिला लगेच पटलं असं नाही. मोठ्या भाईंना तर अजून पटलेलं नाही. ते म्हणतात, एवढ्या वर्षांनी ही नवी कल्पना कुठून आली? आम्ही म्हणतो, कल्पना नवी नाही, चौदाशे वर्षांची आहे, आम्हाला ती उशिरा आठवली. येत्या सुटीत तिघं बसून बोलायचं आहे. भांडण होईलही. पण तो लिफाफा आम्ही फाडून टाकला आहे.

परवा जुम्याला कबायान आला. त्याची बहीण नर्सिंगची परीक्षा पास झाली. दारातूनच त्यानं हाक मारली, "आते!" आम्ही दोघंही एकदम उठलो.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरातही कुठे कपाटात असा एखादा लिफाफा असेल. नसेल, तर मनात असेल. एकदा उघडून बघा, त्यात आतेचा वाटा मोजला आहे की नाही.