युक्काचे पाय कोरडे हवेत

वऱ्हाडातल्या माणसानं थंडीवर लिहावं म्हणजे आगाऊपणाच. आमचा अधिकार उन्हावर. वलगाव पेढी नदीच्या काठचं, अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळात येणारं गाव. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ ला इथंच, पेढीच्या पुलाजवळ देह ठेवला, म्हणून महाराष्ट्राला आमचं नाव ठाऊक. त्यांच्या पुण्यतिथीच्या आसपास पहाटे नदीकाठी गेलं तर कानटोपी लागते, तुरीच्या पानांवर दव असतं, कोणीतरी पऱ्हाट्या पेटवून शेकत बसलेलं असतं. आमची थंडी एवढीच. त्यापेक्षा जास्त हवी असेल तर वर चिखलदऱ्याला जायचं. अकराशे मीटरवरच्या त्या गावात कॉफी पिकते, आणि तिथून परतलेली माणसं दोन दिवस शाल पांघरून फिरतात, इतरांना दिसावी म्हणून.

तरीही लिहितो, कारण विषय झाडाचा आहे, आणि ते झाड दोन्हीकडे आहे. युक्का. तलवारीसारख्या टोकदार पानांचा झुबका आणि त्याच्या मधोमध उभा राहणारा पांढऱ्या घंटांचा उंच तुरा. आमच्याकडे साहेबांच्या काळातल्या बंगल्यांच्या फाटकाशी, स्टेशनच्या बागेत, ख्रिस्ती दफनभूमीच्या कुंपणाला असा युक्का दिसतो. येणारेजाणारे त्याला घायपात समजतात आणि पुढे जातात. पाहुण्यांना तो आवडत नाही. दारात काटेरी झाड असू नये, घरात भांडणं होतात, असं ऐकवून जातात. भांडायला आम्हाला झाडाची गरज कधीच पडलेली नाही, पण ते असो.

माझी पुतणी अमेरिकेत डेन्व्हरजवळ राहते. मागच्या हिवाळ्यात तिनं फोनवर अंगण दाखवलं. सगळं पांढरं. कुंपण कुठं आहे ते फक्त खांबांच्या टोकांवरून कळत होतं. एका कोपऱ्यात बर्फातून हिरवी पाती वर आलेली, साळिंदरानं पाठ वर काढावी तशी. "मोठेबाबा, हा युक्का. जूनमध्ये फुलला होता तो हाच," ती म्हणाली. माझी आई शेजारीच बसली होती. नव्वदीकडे झुकलेली, पण झाडांच्या बाबतीत तिला फसवता येत नाही. तिनं चष्मा सरळ केला आणि विचारलं, "बर्फात गाडलं तरी जित्तं राह्यते? मंग गुरुजीच्या आंगनातलं काहून सडलं वो?"

प्रश्न बिनतोड होता. शेजारच्या गुरुजींनी हौसेनं लावलेला युक्का मे महिन्यातल्या झळांत टिकला आणि पोळ्याच्या आत गेला. ओढला तर हातात आला. बुंधा मऊ, तपकिरी, आंबूस वास. ना थंडी, ना ऊन. मग तो मेला कशानं?

उत्तर आमच्या पायाखाली आहे. वऱ्हाडची काळी माती कपाशीला धार्जिणी, कारण ती पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस लागला की ती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी खाली जायला वाट उरत नाही. श्रावण-भादव्यात सलग झड लागली की वावरात चालताना चपलेसोबत किलोभर चिखल उचलला जातो. त्या चिखलात युक्काची जाड मुळं आणि जमिनीतला कंद यांना श्वास मिळत नाही. बुरशी शिरते, बुंधा कुजतो. डेन्व्हरला वर्षभराचा पाऊस आणि वितळलेला बर्फ मिळून सुमारे ३५० ते ४०० मिलिमीटर. आमच्याकडे त्याच्या दुपटीहून जास्त, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. पुतणीच्या अंगणातली माती रेताड, उताराची. बर्फ वितळला की पाणी वाहून जातं. तिच्याकडचा युक्का जगतो त्याला कारण थंडी कमी पडते हे नव्हे. त्याचे पाय कोरडे राहतात, हे कारण.

गंमत अशी की थंड मुलखातले बागवानही हेच सांगतात. आपल्याला वाटतं त्यांची सारी लढाई गोठण्याशी असेल. ती तशी नसते. युक्का फिलामेंटोसा, म्हणजे पानांच्या कडांना पांढरे दोरे लोंबणारी जात, उणे २५-३० अंशांपर्यंत तग धरते. युक्का ग्लौका त्याहून चिवट. अमेरिकेच्या मधल्या माळरानांवर ती रानोमाळ उगवते आणि उत्तरेला थेट कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतापर्यंत पोचते. डेन्व्हरच्या आसपासच्या टेकड्यांवर तिचं कौतुक कुणाला नाही, आपल्याकडे रुईचं नसतं तसंच. शरद लागला की हे झाड वाढ थांबवतं. पेशींतलं पाणी कमी होतं, रसातली साखर वाढते, आणि साखरेचा रस साध्या पाण्याइतका लवकर गोठत नाही. पानं मलूल होऊन खाली झुकतात. नवखा माणूस मेलं म्हणून उपटायला धावतो. जाणता वाट पाहतो. वसंतात मधला कोंब पुन्हा ताठ होतो.

तिथले लोक युक्का लावतात तो भिंतीच्या दक्षिण बाजूला, दिवसभर ऊन लागेल असा. आपल्याकडे झाड सावलीला न्यायचं असतं, त्यांच्याकडे उन्हाला. जमीन भारी असेल तर हातभर उंचीचा ढीग करतात, त्यात खडी आणि रेती घालतात आणि त्याच्या माथ्यावर रोप बसवतात. ऑगस्टनंतर खत बंद, पाणी बंद, म्हणजे कोवळी वाढ हिवाळ्याच्या तोंडी सापडत नाही. हिवाळा ओला असेल तिथं पानं वर गोळा करून दोरीनं बांधतात, गाभ्यात पाणी साचून गोठू नये म्हणून. प्लास्टिक मात्र गुंडाळत नाहीत. आत दमट झालं की कूज ठरलेली. पुतणीनं हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "कांद्याची वखार बी अशीच राखा लागते." मी गप्प बसलो. त्याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या आपल्या बागेत गर्ट्रूड जेकिलनं फुलझाडांच्या लांब पट्ट्यांच्या टोकांना युक्का लावले होते. नाजूक, विस्कटणाऱ्या फुलांना शेवटी काहीतरी ताठ, बारमाही हिरवं हवं, हा तिचा हिशोब. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडची ती दृष्टी. तीच आवड साहेबांच्या सामानाबरोबर आपल्या बंगल्यांपर्यंत आली असावी, असा माझा अंदाज. बंगले पडले, मालक बदलले, युक्का फाटकाशी तसाच उभा आहे.

आता फुलाकडे येतो, कारण सगळा खटाटोप त्याच्यासाठीच.

पिलू लावलं तर फुलायला तीनेक वर्षं लागतात, बी पेरलं तर त्याहून बरीच जास्त. ज्या वर्षी फुलायचं त्या वर्षी गाभ्यातून शतावरीच्या कोंबासारखं काहीतरी जाडजूड वर येतं. ही उपमा नुसती दिसण्यापुरती नाही, वनस्पतिशास्त्रज्ञ दोघांना एकाच कुळात बसवतात. काही दिवसांत तो कोंब माणसाच्या डोक्यावर जातो. फांद्या फुटतात, फांद्यांवर कळ्या लोंबतात. कळी उमलते तेव्हा सहा पाकळ्या, मलईच्या रंगाच्या, जाडसर, बोटांना मेणासारख्या लागणाऱ्या. तोंड खाली. दिवसा अर्धवट मिटलेलं फूल संध्याकाळी मोकळं होतं. अंधार पडला की तुरा स्वतःच उजेड देतोय असं वाटतं, आणि हलका, गोडसर वास येतो. तेवढ्यात आमच्याकडे वीज गेलेली असली तर दुधात साखर.

हा सारा थाट एका बारीक पांढऱ्या पतंगासाठी असतो. १८७२ च्या सुमारास सेंट लुईसमधले डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज एंगेलमन यांनी या पतंगाकडे लक्ष वेधलं आणि मिसूरी राज्याचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी रात्री फुलांपाशी बसून सगळा प्रकार पाहिला. मादीच्या तोंडापाशी दोन वाकड्या सोंडा असतात, इतर पतंगांना नसतात अशा. त्यांनी ती एका फुलातले चिकट परागकण गोळा करते, त्यांची गोळी वळते आणि हनुवटीखाली धरते. मग दुसऱ्या फुलावर जाते. आधी बीजकोशात अंडी घालते. नंतर फुलाच्या मधल्या पोकळ खाचेवर चढते आणि ती परागाची गोळी आत कोंबते, ठासते, पुन्हा ठासते. हे ती मध प्यायला गेली असताना चुकून होत नाही, ती ते काम म्हणून करते. अळ्या काही बिया खातात, उरलेल्या झाडाच्या. अंडी फारच जास्त झाली तर झाड ते फूलच गाळून टाकतं. हिशोब चुकवलेला त्याला चालत नाही. डार्विननं १८७४ साली मित्र हूकरला लिहिलेल्या पत्रात या प्रकाराला परागीभवनाची सगळ्यात नवलाची गोष्ट ठरवलं होतं. तोवर त्यानं ऑर्किडवर एक आख्खं पुस्तक लिहिलेलं होतं, म्हणजे हे शिफारसपत्र साधं नाही.

हा पतंग वलगावात नाही. भारतात नाही. त्यामुळे आपल्याकडचा युक्का फुलतो, रात्रभर दरवळतो, आणि बहुतेक फुलं तशीच गळतात. एखादी जात पतंगाशिवायही फळ धरते, पण ते अपवाद. युरोपातल्या बागांतही हीच अवस्था. फळाचा हट्ट असलेले बागवान संध्याकाळी बारीक कुंचला घेऊन शिडीवर चढतात आणि पतंगाचं काम स्वतः करतात. नुसता कुंचला फिरवून भागत नाही, पराग त्या खाचेत खोल कोंबावा लागतो. मला हा उद्योग करावासा वाटला नाही. अंगणात आलेल्या पाहुण्याला वंश वाढवून दाखव म्हणणं बरं नव्हे. शिवाय त्याला पिलं होतातच.

घायपात आणि युक्का यांतला खरा फरक इथं आहे. बांधावरची घायपात अनेक वर्षं साठवते, एकदाच खांबाएवढा दांडा काढते, आणि मरते. युक्का असं सर्वस्व उधळत नाही. फुललेला शेंडा संपतो, पण खोडाची जात असेल तर त्याच्या बाजूनं फाटे फुटतात, जमिनीलगतची असेल तर कडेनं पिलं येतात, आणि पुढच्या खेपेला ती फुलतात. घायपातीच्या मरणावर कविता होऊ शकते, युक्कावर होणं अवघड. संसारी झाड आहे.

आईनं एकदा विचारलं, "याचं काही खाता येते का?" वऱ्हाडात झाडाची चौकशी इथवर आल्याशिवाय पुरी होत नाही. येतं. एल साल्वादोरमध्ये एका युक्काचं फूल हे राष्ट्रीय फूल आहे, आणि तिथले लोक ते अंड्यात परतून खातात. हादग्याच्या फुलांची भजी खाणाऱ्यांनी नाकं मुरडू नयेत. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडचे नवाहो, होपी, झुनी हे आदिवासी युक्काच्या पानांतल्या वाखापासून दोर, चपला, टोपल्या करत आले, मुळं कुटून त्याच्या फेसानं केस धूत आले. रिठ्यातला फेस ज्या द्रव्यामुळे येतो, त्याच जातीचं द्रव्य या मुळांत असतं. म्हणजे तिकडची आजी आणि इकडची आजी एकमेकींना न भेटता एकच न्हाणं करत होत्या.

आमच्या पूर्णेच्या खोऱ्यात आणखी एक अडचण आहे, खारपाणपट्ट्याची. भातकुली-दर्यापूरकडे विहिरीचं पाणी खारट लागतं, कितीतरी शोभेची झाडं त्या पाण्यावर कडेनं करपतात. युक्का ग्लोरिओसा ही जात मुळात अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांतली, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात वाढलेली. खाऱ्या पाण्याला ती बिचकत नाही. तिथल्या गावांत गुलाबामागे धावून दमलेल्यांनी तिच्याकडे एकदा पाहावं. मात्र चोपण जमिनीत पाणी मुरतच नाही, तेव्हा तिथंही आधी उंचवटा, मग रोप.

गुरुजींनी यंदा दुसरं पिलू आणलंय. या वेळी जागा आईनं ठरवली. ओट्याच्या कडेला, गुडघाभर मुरूम आणि विटांचे तुकडे टाकून, त्यावर दोन टोपली माती. तुम्हालाही लावायचा असेल तर कुठल्याही जुन्या झाडाच्या बुंध्याशी पिलू सापडेल, मालकाला विचारून घ्या. कापलेली जागा चार दिवस सावलीत सुकू द्या. काळ्या मातीच्या वर, मुरमाच्या ढिगावर बसवा, येण्याजाण्याच्या वाटेपासून आणि लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीपासून दूर, कारण टोकं खरोखरच लागतात. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एक तांब्या पाणी पुरे. पावसाळ्यात एक थेंबही नको.