ओळख पटेना

ओळख विसरणे हा फक्त माणसांचाच स्वभाव आहे, असे मला परवापरवापर्यंत वाटत असे. शहरात गेलेला मित्र ओळख विसरतो; निवडून आलेला पुढारी तर हमखास विसरतो. पण यंत्रेही एकमेकांची ओळख नाकारतात, हे मला आमच्या कारेगावातच कळले.

कारेगाव म्हणजे पुणे-नगर रस्त्यावरचे, रांजणगावच्या महागणपतीच्या शेजारचे गाव. एकेकाळी बाजरीच्या शेतांचे. आता औद्योगिक वसाहतीमुळे भाड्याच्या खोल्यांचे. कारखान्यांना कामगार पुरवणाऱ्या एका ठेकेदाराच्या कचेरीत मी कॉलेज सुटल्यावर हजेरीच्या नोंदी करते.

हे काम ज्या संगणकावर चालते, तो हाताला लागत नाही. एका मोठ्या यंत्राच्या पोटात सॉफ्टवेअरने उभा केलेला तो आभासी संगणक. एकाच वाड्यात चार बिऱ्हाडे आणि प्रत्येकाची चूल वेगळी, तसा हा प्रकार. माझ्या टेबलावरचा पडदा ही त्याची नुसती खिडकी. कचेरीतले सगळे संगणक एका डोमेनचे सभासद; आत कोणाला घ्यायचे, ते डोमेनचा मुख्य सर्व्हर ठरवतो.

एकदा एक अपडेट बिघडले आणि हा संगणक सुरूच होईना. तेव्हा तीन महिन्यांपूर्वी जपून ठेवलेल्या प्रतीवरून तो पुन्हा उभा करण्यात आला. सुरू झाला, पण डोमेनमध्ये जाईना. या संगणकाचा डोमेनशी असलेला विश्वासाचा संबंध तुटला आहे, असा संदेश पडद्यावर! नोंदी सर्व्हरवर सुखरूप होत्या, पण त्या उघडणारे सॉफ्टवेअर याच संगणकात. पगार दोन दिवसांवर आलेला. हजेरी गेली नाही, तर दीडशे घरांतला पगार लांबणार.

पासवर्ड चुकला असेल, असे जो तो म्हणू लागला. पण त्याच नावाने, त्याच पासवर्डने मी शेजारच्या संगणकावर आत गेले. म्हणजे माणूस खरा होता. खोटे ठरत होते ते यंत्र. दुरुस्तीला आलेल्या दादांनी एकेक शक्यता निकालात काढली. आभासी नेटवर्क कार्ड जोडलेले होते. नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस सेवाही ठीक होती; तिथे भलताच पत्ता असला, तर डोमेनचा सर्व्हर सापडतच नाही. मग घड्याळ. ओळख तपासणारी ‘कर्बेरॉस’ पद्धत अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८०च्या दशकात तयार झाली. ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या दारावर बसणाऱ्या तीन डोक्यांच्या कुत्र्याचे हे नाव! दोन घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक फरक पडला, की हा राखणदार सहसा आत सोडत नाही. पण घड्याळही बरोबर होते.

शेवटी दोष सापडला. माणसाप्रमाणे यंत्राचाही डोमेनमध्ये स्वतःचा गुप्त पासवर्ड असतो, आणि विंडोजचा संगणक तो साधारण दर ३० दिवसांनी, कोणाला न विचारता, बदलतो. तीन महिन्यांत तो बदलत गेला होता आणि मुख्य सर्व्हरकडे नवा पासवर्ड होता. जुन्या प्रतीतून उठलेला संगणक मात्र तीन महिन्यांपूर्वीचाच शब्द सांगत होता. दादा त्या संगणकाच्या स्वतःच्या खात्याने आत शिरले, डोमेनच्या परवानगीने दोन्हीकडे नवा पासवर्ड ठरवून घेतला आणि संगणक पुन्हा सुरू केला. हजेरी उघडली.

रात्री हे अण्णांना सांगितले. तेही ठेकेदाराकडेच कामाला आहेत. म्हणाले, “ठेकेदार बदलल्यावर आमचंबी असंच व्हतं. चौकीदार रोज रामराम घालतो, पण जुना पास दाखवला की फाटकावरच उभं करतो.” डोमेन त्यांना माझ्याआधीच कळले होते.

मला मात्र दुसरेच सुचले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. महिन्याला माझ्या बोलण्यात चार नवे शब्द येतात, दोन मते बदलतात. ते घरी पोचलेच नाहीत, तर एक दिवस आईकडे माझी जुनीच प्रत उरेल. यात खोटे कोणीच असणार नाही. आणि तरीही ओळख पटणार नाही. म्हणून हल्ली वर्गात काय शिकवले, ते मी तिला चुलीपाशी बसून सांगते. भाकरी थापता थापता ती मध्येच विचारते, “म्हंजी काय गं?”

तिने हे विचारायचे सोडू नये, एवढेच मला वाटते.